कला की हस्तकला : फॉर्मवर खूण कुठे करायची?

वाचकाचा प्रश्न

पत्रलेखिका चाळिशीच्या पुढच्या आहेत आणि बरीच वर्षं क्रॉस स्टिच करतात, म्हणजे कापडाच्या चौकटी मोजून फुलीच्या टाक्यांचं भरतकाम. सुरुवात तयार किटपासून झाली, पुढे विकतचे चार्ट आले, म्हणजे कुठल्या चौकटीत कुठला रंग भरायचा हे दाखवणारे आराखडे. एका प्रसिद्ध निसर्गचित्राची प्रतिकृती त्यांनी तीन वर्षं खपून पूर्ण केली. घरी येणारा प्रत्येक जण ती पाहून ‘अगदी पेंटिंगच वाटतं’ म्हणतो. गेल्या वर्षी मात्र त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या मनातलं काही भरलं. धाकट्या बहिणीशी बोलणं बंद होतं. एका रात्री तिचे एकामागून एक मेसेज आले आणि यांनी फोन उघडेपर्यंत तिने ते सगळे पुसून टाकले. उरल्या त्या ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशा अकरा ओळी आणि प्रत्येकीपुढची वेळ. तो स्क्रीन त्यांनी पांढऱ्या कापडावर करड्या दोऱ्याने भरला. ते काम पाहून मात्र लोक गप्प झाले.

आता एका सामूहिक प्रदर्शनासाठी अर्ज करायचा आहे. फॉर्मवर ‘कला’ आणि ‘हस्तकला’ असे दोन विभाग आहेत. आयोजकांमधल्या एक ओळखीच्या बाई म्हणतात, निसर्गचित्र हस्तकलेत द्या, हमखास घेतलं जाईल. चित्रकार मित्र म्हणतो, मोजून चौकटी भरण्यात कसली आली कला. एवढी हौस आहे तर ब्रश हातात घे. शिवाय ‘कला’ विभागासाठी कामाविषयी टिपण लागतं आणि ते त्यांना जमत नाही. कोणतं काम द्यावं, कुठे द्यावं, आणि आता चित्रकला शिकायला घ्यावी का, असं त्या विचारतात. मेसेजच्या कामाची उलटी बाजू फार गबाळी आहे, ती परीक्षकांनी पाहिली तर, अशीही त्यांना धास्ती आहे.

उत्तर

ताई, नमस्कार.

माझं मत आधीच सांगून टाकते : मेसेजचं काम द्या आणि ‘कला’ विभागात द्या. आता असं का म्हणते, ते सविस्तर लिहिते. मत पटलं नाही तरी कारणं तुम्हाला उपयोगी पडतील.

तुमच्या पत्रात निसर्गचित्राबद्दल भरपूर आहे. किती छटा लागल्या, आकाशाचा भाग किती वेळा उसवला, फ्रेम कुठली घेतली. मेसेजच्या कामाबद्दल मोजून पाच ओळी आहेत आणि त्यांतली एक उलट्या बाजूची माफी मागण्यात गेली आहे. ज्याचं कौतुक झालं त्याबद्दल आपण मोकळेपणाने बोलतो आणि जे पाहून लोक गप्प झाले त्याबद्दल संकोचतो, हे मी समजू शकते. पण लोक गप्प का झाले, याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. त्यांना ते आवडलं नाही, असं तुम्ही गृहीत धरलंय. काय बोलावं हे त्यांना सुचलं नसेल, अशीही शक्यता आहे. एखाद्या घरातल्या दोन बहिणींचा अबोला समोर भिंतीवर दिसला तर ‘वा, किती बारीक काम’ असं पटकन कुणाच्या तोंडून निघत नाही.

आता मित्राच्या आक्षेपाकडे येते, कारण तो पूर्ण चुकीचा नाही. चार्टवरून काम करताना कुठे कोणती छटा येणार, उजेड कुठे संपणार, सावली किती गडद असणार हे सगळं चार्ट करणाऱ्याने ठरवलेलं असतं. तुमच्याकडे उरतं ते ताण सारखा ठेवणं, प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला पाडणं, मोजणी न चुकवणं. हे कसब खरं आहे, ते हातात बसायला वर्षं लागतात. पण चित्राचे निर्णय तुमचे नसतात. क्रॉस स्टिच म्हणजे नक्कल ही समजूतही उगाच आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमधून चौकटीच्या कागदावर हाताने रंगवलेले चार्ट विकायला येऊ लागले, ते लोकरीत भरण्याची लाट युरोप-अमेरिकेत पसरली आणि गाजलेली चित्रं घरोघरी चौकट मोजून उतरवली जाऊ लागली. आजचे किट त्याच परंपरेतले आहेत.

मित्राचं चुकतं ते इथे, की निसर्गचित्राला लावलेलं माप तो न बघता दुसऱ्या कामालाही लावतो. त्या कामात कोणता निर्णय दुसऱ्याचा होता? करडा रंग तुम्ही निवडलात. अवतीभवतीचं कापड कोरं तुम्ही सोडलंत, आणि क्रॉस स्टिच करणाऱ्याला कापड कोरं सोडणं किती जड जातं हे मला ठाऊक आहे. बहिणीने पाठवल्या तितक्याच ओळी ठेवल्यात, देखणं दिसावं म्हणून एक वाढवली किंवा कमी केली नाहीत. आणि देवनागरी चौकटीत बसवलीत. चार्टच्या पुस्तकांत रोमन वर्णमाला शेकड्याने मिळतात, आपली अक्षरं मात्र बहुतेक वेळा स्वतःच आखावी लागतात. शिरोरेघ सोपी असते, ती सरळ एक ओळ. पण तिच्या वर मात्रा-वेलांटीला दोन-तीन चौकटी राखाव्या लागतात, ‘ड’ची गोलाई पायऱ्यांमधून दाखवावी लागते, ‘ह’ तर चौकटीत बसायलाच तयार नसतो. हे सगळं ग्राफ पेपरवर खोडत-आखत तुम्हीच केलं असणार. पत्रात त्याचा उल्लेखही नाही!

आणि यंत्रवत चौकटींबद्दल म्हणाल, तर तुम्ही जे भरलंत तेही मुळात चौकटींचंच आहे. फोनचा स्क्रीन बारीक चौकटी उजळून अक्षर दाखवतो, तुमचं कापड चौकट मोजून अक्षर दाखवतं. दोन्हींची रचना एक आणि वेग मात्र अगदी उलट. १४ काउंटच्या कापडावर एका इंचात १४ चौकटी, म्हणजे एका चौरस इंचात १९६ फुल्या. ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ ही ओळ वाचता येईल अशी भरायची तर साधारण शंभर चौकटींची रुंदी लागते आणि साडेतीनशे-चारशे फुल्या सहज होतात. अकरा ओळींच्या चार हजारांच्या आसपास. बहिणीने बोटाच्या स्पर्शाने जे पुसलं, त्याच्या पुसलेपणावर तुम्ही चार हजार फुल्या घातल्यात. तरीही मूळ मजकूर परत आला नाही, तो येणारही नाही. माझ्या मते तुमच्या कामाचा सगळा जीव इथे आहे.

यातून एक कसोटी निघते. तुमच्यासारख्या इतरांनाही ती वापरता येईल : हेच मी रंगात केलं असतं किंवा छापून घेतलं असतं, तर काय हरवलं असतं? निसर्गचित्राच्या बाबतीत काहीच नाही, कारण ते मुळात रंगातच आहे आणि तिथे जास्त चांगलं आहे. मेसेजचा स्क्रीन छापून भिंतीवर लावला असता तर तो नुसता स्क्रीनशॉट झाला असता. दोरा गेला की अर्थ जातो, असं जिथे होतं तिथे क्रॉस स्टिच हे तुमचं माध्यम असतं. चित्रकला शिकण्याच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. रंगांची ओढ वाटत असेल तर जरूर शिका, वयाचा काही संबंध नाही. पण दोऱ्यापेक्षा वरच्या पायरीवर जायचं म्हणून शिकणार असाल, तर तशी पायरी नाही.

ही पायरी बांधली कुणी, हेही सांगते. लंडनची रॉयल अकॅडमी ही चित्रकार-शिल्पकारांची संस्था १७६८ साली स्थापन झाली आणि सुरुवातीच्याच काळात तिने नियम केला की सुईकाम, कागदी फुलं, कागदाचं कातरकाम, शिंपल्यांचं काम असलं काही प्रदर्शनात घेऊ नये. वगळलेलं बहुतेक काम घरात बसून बायका करत होत्या ते होतं. आजच्या फॉर्मवरच्या दोन रकान्यांच्या मागे असे नियम उभे आहेत. म्हणून त्या रकान्यांना मी निसर्गनियम मानत नाही आणि तुम्हीही मानू नका.

पण मला जास्त अस्वस्थ करते ती त्याच काळातली मेरी लिनवुड. ती क्रॉस स्टिच करत नसे. कमी-जास्त लांबीच्या टाक्यांनी ती नामवंत चित्रकारांची चित्रं लोकरीत हुबेहूब उतरवायची. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये १८०९ पासून तिचं स्वतंत्र दालन होतं आणि दशकानुदशकं लोक पैसे देऊन ते बघायला येत. सगळे हेच म्हणत की अगदी चित्रासारखं. १८४५ मध्ये ती गेली, संग्रह मातीमोल किमतीला विकला गेला आणि नाव विस्मरणात गेलं. इतक्या असामान्य हातांची बाई आपलं स्वतःचं असं किती थोडं मागे ठेवून गेली, याचं मला फार वाईट वाटतं. ‘पेंटिंगच वाटतं’ हे वाक्य ऐकून सुखावण्याआधी म्हणूनच थोडं थांबा. ते कौतुक दोऱ्याच्या वाट्याला येत नाही.

याच्या उलट एक काम सांगते. ते तुम्हाला तुमच्या नात्यातलं वाटेल. लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात साधारण १८३० चं एक कापड आहे. एलिझाबेथ पार्कर नावाच्या, मोलकरीण म्हणून राबलेल्या तरुण मुलीने ते भरलं आहे. फुलं नाहीत, किनार नाही, नुसता मजकूर. लाल रेशमाच्या बारीक क्रॉस स्टिचमध्ये ओळींमागून ओळी. मला लिहिता येत नाही म्हणून हे इथे मांडते, अशी सुरुवात करून ती मालकांनी केलेला छळ सांगते, आयुष्य संपवण्याचे विचार सांगते, आणि माझ्या आत्म्याचं काय होणार, असं विचारता विचारता वाक्य अर्ध्यात तुटतं. खालचं कापड कोरं आहे. त्या काळी मुलींना फुलीच्या टाक्यांत अक्षरं शिकवत ती चादरी-टॉवेलांवर खुणा घालता याव्यात म्हणून. तिने त्याच अक्षरांनी स्वतःचं म्हणणं मांडलं. ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांनी या टाक्यातून बोलावं, हे असं जुनं आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असलेल्या मेजर अलेक्सिस कॅसडॅग्ली या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९४१ च्या डिसेंबरात क्रॉस स्टिचचा एक साधासुधा दिसणारा नमुना भरला. त्याच्या किनारीतल्या टिंबं-रेघांत मोर्स लिपीत राजाच्या रक्षणाची प्रार्थना होती आणि हिटलरला एक सणसणीत शिवी. तो नमुना छावण्यांमध्ये भिंतीवर टांगला गेला आणि पहारेकऱ्यांना पत्ता लागला नाही. पॅलेस्टिनी बायकांची ‘तत्रीझ’ ही भरतकामाची परंपरा मुख्यतः क्रॉस स्टिचची. १९८७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या इंतिफादात, म्हणजे इस्रायलच्या ताब्याविरुद्धच्या उठावात, पॅलेस्टिनी झेंडा फडकवायला बंदी होती, तेव्हा त्यांनी झेंड्याचे रंग आपल्या पोशाखांवर भरले. २०२१ मध्ये युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तीच भाषा घेऊन न्यूयॉर्कचा कलावंत जॉर्डन नासर आज डोंगर-आकाशाचे देखावे रचतो आणि ते कलादालनांत लागतात. लिथुआनियाची कलावंत सेवेरिया इंचिराउस्काइते-क्रिआउनेविचिएने तर मोटारीची दारं, बादल्या, भांड्यांची झाकणं यांना ड्रिलने भोकं पाडून त्यांवर गुलाब भरते. गुलाब अगदी जुन्या चार्टमधले, घराघरांत असतात तसे. गंजक्या पत्र्यावर ते आले की आपण दोन्हींकडे नव्याने बघतो. चार्टचा गुलाब वापरूनही काम स्वतःचं करता येतं, ते असं.

म्हणजे किटवर काम करणाऱ्या प्रत्येकीने आता कलावंत व्हायला हवं का? अजिबात नाही. दिवसभराच्या कामानंतर मोजत बसण्यात जी शांतता मिळते तिला कुणाच्या शिक्क्याची गरज नाही. पण आपलं काही करून बघावंसं वाटत असेल, तर हातातल्या चार्टमधली एकच गोष्ट बदलून बघा. रंग, कापड, किंवा मध्येच थांबणं. मग ग्राफ पेपर घ्या.

आता फॉर्मबद्दल. निसर्गचित्र ‘हस्तकला’ विभागात द्यायला हरकत नाही, पण एक अट पाळा. चार्ट कुणाचा आणि मूळ चित्र कुणाचं, दोन्ही नावं लिहा. चार्टवर त्याच्या कर्त्याचा हक्क असतो, आणि काही चार्टवर तयार काम प्रदर्शनात किंवा विक्रीला ठेवण्याविषयी अटी छापलेल्या असतात, त्या वाचून घ्या. दोन्ही कामं मात्र एकदम देऊ नका. निवड करणाऱ्यांसमोर ती शेजारी आली तर निसर्गचित्राचं कसब पाहून ते मेसेजच्या कामालाही ‘हौशी हात’ म्हणून मोकळे होतील, अशी मला भीती वाटते. ओळखीच्या बाई तुमचं भलंच बघताहेत. पण निवड होणं एवढंच हवं असतं, तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतंत.

टिपणाला घाबरू नका. मोठे शब्द आणायला गेलात की ते फसेल. काय दिसतंय, कशाने आणि कसं केलं, दोराच का, एवढं चार वाक्यांत सांगा. उदाहरणार्थ : ‘माझ्या जवळच्या व्यक्तीने एका रात्री मला अकरा मेसेज पाठवले आणि मी वाचण्याआधी पुसले. त्यानंतर फोनवर जे दिसलं ते मी क्रॉस स्टिचमध्ये भरलं आहे. पुसायला क्षण लागला, भरायला कित्येक महिने. मूळ मेसेज काय होते हे मला आजही माहीत नाही.’ यातला शब्द न् शब्द तुमच्याच पत्रातून घेतला आहे. तुमच्या पद्धतीने तो बदला, पण वाढवू नका. नात्यांतला दुरावा, आधुनिक माणसाचं एकटेपण वगैरे बघणाऱ्याला स्वतः सापडू द्या.

उलट्या बाजूची धास्ती सोडा. मागची बाजू पुढच्यासारखीच हवी, हा दंडक मुलींचं वळण तपासण्यासाठी वापरला गेला आणि तो आपल्या अंगात फार खोल मुरलाय. तांत्रिकदृष्ट्या दोनच गोष्टी बघा. गडद दोरा कोऱ्या भागामागून ओढत नेला असेल तर पांढऱ्या कापडातून त्याची सावली पुढे दिसते, तेवढे दोरे कापून टोकं जवळच्या टाक्यांखाली दडपा. आणि जाड गाठी असतील तर ताणून बसवल्यावर पुढे उंचवटे येतात, त्या सोडवा. बाकी गुंता राहू द्या. हे काम तर दोन बाजूंनी दिसेल असं टांगण्याचाही विचार करा. समोर निमूट करड्या ओळी आणि मागे हा सगळा गुंता, हे मला बघायला आवडेल. मात्र तुमचं मन तयार असेल तरच.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. बहिणीला हे माहीत आहे का?

कामात तिचं नाव नाही, मजकूर नाही, अनोळखी माणसाला काही कळणार नाही. पण नातेवाईक येतील, फोटो काढतील आणि तो फोटो तिच्यापर्यंत पोचेल. तिने स्वतः मागे घेतलेल्या गोष्टीचं तुम्ही प्रदर्शन मांडलंत, हे तिला तिसऱ्याकडून कळायला नको. आपल्या आयुष्यात जे घडलं ते मांडण्याचा हक्क कलावंताला असतो हे मी मानते, आणि हे तुमच्याही आयुष्यात घडलंय. तरी जिवंत आणि जवळच्या माणसाच्या बाबतीत आधी कळवणं मला त्या हक्काइतकंच महत्त्वाचं वाटतं. अर्ज पाठवण्यापूर्वी तिला कामाचा फोटो पाठवा, सोबत दोन ओळी : हे मी केलंय, प्रदर्शनात द्यायचा विचार आहे, तुला कसं वाटतं ते सांग. समेटाची भाषा त्यात मिसळू नका. भांडण मिटवायचं असेल तर त्यासाठी वेगळा फोन करा. या कामाला निरोप्या बनवलंत तर तिलाही कोंडीत पकडल्यासारखं होईल.

ती ‘नको’ म्हणाली तर? तर या वेळी देऊ नका, असंच मी सांगेन. संधी जाईल, चार-दोन महिन्यांची उमेद जाईल, हे कळूनच सांगते आहे. काम कुठे जात नाही, तुमचं राहील. वेळा काढून टाकून किंवा ओळींची संख्या बदलून तिचा मान राखता येतो का, हे तिच्याशी बोलूनच ठरवा. तिच्या नकळत नको. आणि तिचं काहीच उत्तर आलं नाही तर आठवडाभर थांबा, पुन्हा एकदा कळवा आणि मग द्या. विचारलं होतं, हे तिला माहीत असेल.

राहता राहिली मांडणी. कापड कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, जाड टॉवेलवर पालथं घालून मागून इस्त्री करा. डिंकाने चिकटवू नका, आम्लरहित बोर्डावर मागून दोऱ्याने ओढून बसवा, आणि काच लावणार असाल तर ती टाक्यांना टेकू देऊ नका. दोन बाजूंनी दाखवायचं ठरवलंत तर बोर्ड न लावता चारही कडा चौकटीत ताणून घ्या. फॉर्मवर ‘माध्यम’ असा रकाना असेल, तिथे ‘कापडावर सुती दोरा, क्रॉस स्टिच’ असं लिहा आणि चार्टच्या जागी ‘रचना स्वतःची’. परिचयाच्या ओळींत ‘फावल्या वेळात’, ‘छंद म्हणून’ असलं काही घालू नका. नाकारलं गेलं, तर आयोजकांना नम्रपणे एवढंच विचारा की कामामुळे की माध्यमामुळे. माध्यमामुळे म्हणाले, तर तेच काम तसंच दुसरीकडे पाठवा.